‘पेव’: एका हौशी नाटकाच्या प्रकल्प नोंदी

६ जुलै, रविवार

‘पेव’चं पहिलं वाचन आज झालं. दोन अंक, सात पात्रं. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नोव्हेंबरात धरून चाललोय, केंद्र आपलं सांगलीच. हातात पावसाळा आहे, गणपती, नवरात्र, दिवाळी आहे, आणि त्यांच्या मधून जे उरेल ते.

नव्याने आलेल्या दोघांसाठी नाटकाची पार्श्वभूमी लिहून ठेवते. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची माती इतकी घट्ट, की तिथे वीस-पंचवीस फूट खोल खणून जमिनीच्या पोटात हळद साठवायची पद्धत पडली. तो खड्डा म्हणजे पेव. पेवाचं तोंड माणूस उतरेल एवढंच, पोट प्रशस्त, भिंती शेणाने सारवलेल्या, आतून पाल्याचं अस्तर. तोंड बंद केलं की कीड नाही, ओल नाही, हळदीचा रंग वर्षं गेली तरी टिकतो. २००५च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं. हळद कुजली, बरीच पेवं कायमची गेली. आपलं नाटक अशा एका घरातलं आहे. धाकट्याला पेव बुजवून प्लॉट पाडायचेत; आक्काला ते बुजवण्याआधी एकदा उघडून बघायचंय.

आता माणसं. तालमीच्या काळात आपण एकमेकांना भूमिकेच्या नावानेच हाक मारतो, नोंदींतही तसंच ठेवते. आक्का मिरजेला एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, तिला रात्रीच्या ड्युट्या असतात. थोरला कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत, त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. हमालाचं काम करणारे मामा एसटीत कंडक्टर आहेत, त्यांची गाडी काही रात्री जत तालुक्यात मुक्कामी असते. अडत्या जीएसटीची विवरणपत्रं भरतो. महिन्याची २० तारीख उलटेपर्यंत तो कुणाचा नसतो. धाकटा शाळेत शिक्षक. सून घरी शिवणकाम करते, दोन मुलं लहान आहेत. नात कॉलेजात. मी बँकेत, संहिता आणि दिग्दर्शन माझ्याकडे.

सगळे मोकळे असतील अशी एक संध्याकाळ शोधायला बसलो. आठवड्यात एकही निघाली नाही.

९ जुलै, बुधवार

तक्ता तयार केला. संहिता अंकांनी न बघता माणसांनी बघितली. कुणी आत आलं किंवा बाहेर गेलं की तिथे पेन्सिलची रेघ ओढली. दोन रेघांमधला मजकूर म्हणजे एक तुकडा. असे तेवीस तुकडे निघाले, आणि त्यांतल्या चारच तुकड्यांत सातही जण रंगमंचावर आहेत. बाकीचे बहुतेक दोघा-तिघांचे.

हे कागदावर दिसलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. सात जणांना रोज गोळा करायचंच नाहीये. आक्का आणि धाकट्याला मंगळवारी पाऊण तास समोरासमोर उभं करायचंय. मामा आणि नातीला रविवारी सकाळी, मामांची गाडी आगारात लागल्यावर. थोरल्याची पहिली पाळी असेल त्या आठवड्यात त्याचे संध्याकाळचे तुकडे, दुसरी पाळी आली की सकाळचे. तक्त्यात उभ्या रकान्यात तुकडे आहेत, आडव्या ओळीत माणसं. दर शनिवारी रात्री सगळ्यांनी पुढच्या आठवड्याची ड्युटी कळवायची, रविवारी मी तुकडे वाटणार.

जागा मिळाली. धाकट्याच्या ओळखीने एका शाळेतला वरच्या मजल्यावरचा वर्ग, संध्याकाळी साडेसातनंतर. बाकं भिंतीला लावली की आपल्याला हवी तेवढी लांबी-रुंदी मिळते. नेपथ्याच्या कडा फरशीवर खडूने आखल्या. पेवाच्या तोंडाच्या जागी सायकलचा जुना टायर ठेवलाय.

१२ जुलै, शनिवार

दुसरा शनिवार, बँकेला सुट्टी. सकाळी सात ते अकरा दुसऱ्या अंकावर बसले.

लिहिण्याचं काम तालमीसारखं तुकड्यांत होत नाही, हे पक्कं मान्य करून टाकते. पाऊण तासात दोघांचा एक प्रसंग नीट बसवता येतो, कारण समोर जिवंत माणसं असतात आणि ती तुम्हाला लगेच आत ओढून नेतात. लिहिताना पहिला तास नुसता आत शिरण्यात जातो. आक्का कशी बोलते ते पुन्हा कानात यावं लागतं. त्या तासात कागदावर काही उमटत नाही आणि तो तास वगळताही येत नाही. मधेच उठलं, कुकर लावला, एक फोन घेतला, की तो तास परत पहिल्यापासून भरावा लागतो.

म्हणून वाटणी अशी. दुसरा आणि चौथा शनिवार, सकाळी सात ते अकरा, फक्त लेखन. फोन यांच्याकडे. सकाळचा स्वयंपाकही यांच्याकडे. लेकीला सांगून ठेवलंय की अकरापर्यंत आई घरात आहे पण घरात नाही. प्रॉपर्टीची, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तूंची, यादी, परवानगीची पत्रं, परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाच्या प्रमाणपत्रासाठी संहितेच्या स्वच्छ प्रती काढणं, असली कामं या चार तासांत अजिबात आणायची नाहीत. ती जेवणाच्या सुट्टीत होतात, बसमध्ये होतात, दूध तापेपर्यंतही होतात.

१९ जुलै, शनिवार

गावातले एक ज्येष्ठ रंगकर्मी, आमचे गुरुजी, तालीम बघायला आले होते. त्यांचा शब्द मी आदराने ऐकते, शिकलेच त्यांच्याकडे. त्यांना तक्ता पटला नाही. “नाटक म्हणजे नोकरी आहे काय, वेळापत्रक लावायला? आम्ही रात्री दोन-दोनपर्यंत तालमी केल्यात. सगळा संच रोज हजर असायचा. त्याशिवाय नाटक अंगात भिनत नाही.”

भिनण्याबद्दल ते बरोबर आहेत आणि त्याची सोय मला पुढे करावीच लागेल. पण रात्री दोनबद्दल मी त्यांना सांगितलं, आणि इथेही लिहून ठेवते. त्या तालमी चालायच्या तेव्हा घरी कुणीतरी जागं असायचं. दार उघडायला, ताट वाढायला, सकाळी मुलांना शाळेत पाठवायला. ते माणूस बहुतेक वेळा बाईमाणूस होतं आणि त्याचा वेळ कुठल्याच वहीत नोंदला गेला नाही. हौशी संचांना बायकांच्या भूमिकांसाठी नटी मिळत नाही अशी तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलेय. ज्या बाईला सकाळी पाचला नळाचं पाणी भरायचंय ती रात्री दोनची तालीम कशी करेल? तिच्यात गुण नव्हते म्हणून ती आली नाही, असं नव्हतं. आपण तालीम अशा वेळेला ठेवली की तिला येताच येऊ नये.

म्हणून दहाला बंद. तुकडा रंगात आला असला तरी दहाला बंद.

तक्त्यात एक रकाना वाढवला: ‘कुणाचा वेळ’. तालमीला कोण आलं एवढंच न लिहिता, त्याला येता यावं म्हणून कुणी काय उचललं तेही लिहायचं. आजच्या ओळीत: सूनबाईंच्या सासूबाईंनी मुलांना जेवू घालून झोपवलं. आक्काची ड्युटी तिच्या सहकारी बाईंनी घेतली, ती आक्का पुढच्या गुरुवारी फेडणार.

३ ऑगस्ट, रविवार

पाठांतर. थोरला सगळ्यात मागे होता, भट्टीसमोर आठ तास उभं राहिल्यावर घरी वही उघडायचं त्राण उरत नाही म्हणाला. खोटं नाही ते. नातीने यावर उपाय काढला. प्रत्येकासाठी त्याच्या तुकड्यांचं वेगळं रेकॉर्डिंग: समोरच्याची वाक्यं आवाजात, आणि त्याच्या स्वतःच्या वाक्यांच्या जागी तेवढीच शांतता. फोन खिशात, कानात बोंड, समोरच्याचं वाक्य संपलं की आपण बोलायचं.

थोरला आता सायकलवरून कुपवाडला जाता-येता बोलतो. मामा गाडी आगारात उभी असताना मागच्या सीटवर बसून बोलतात. “ताई, ड्रायव्हरला बी आता हमालाची वाक्यं पाठ झाल्यात,” म्हणाले. एक गोष्ट मात्र बजावली. रेकॉर्डिंगवर समोरच्याचा सूर ठरून जातो आणि नट त्या सुरालाच उत्तर द्यायला लागतो. म्हणून नातीने सगळी वाक्यं सपाट, वाचल्यासारखी रेकॉर्ड करायची. भाव तालमीत.

२० ऑगस्ट, बुधवार

तालीम बंद. कोयनेतून विसर्ग वाढवलाय, आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांची इशारा पातळी ओलांडून वर चाललंय. ४५ला धोका. सूनबाईंचं घर सूर्यवंशी प्लॉटला, तिथे पाणी सगळ्यात आधी येतं. धाकटा, थोरला आणि अडत्या तिचं सामान हलवायला गेले. अडत्याची आज २० तारीख होती, तरी गेला.

२४ ऑगस्ट, रविवार

पाणी उतरतंय. सूनबाई विश्रामबागला माहेरी आहे, सुखरूप.

तिला भेटायला गेले होते. बोलता बोलता तिने सांगितलं की घर हलवताना पहिल्यांदा शिलाई मशीन उचललं, मग गॅस, मग मुलांची दप्तरं. सासूबाई म्हणत होत्या, देव आधी घे. ती म्हणाली, “देव माळ्यावर चढतील, मशीन कोण चढवणार?” मी तिला विचारलं, हे नाटकात घेऊ का. तिने थोडा वेळ घेतला, सासूबाईंना विचारलं, मग हो म्हणाली. पहिल्या अंकात थोरल्या सुनेला पुराची हकिगत सांगायचा प्रसंग आहे, तिथे मी पाणी किती चढलं याचं वर्णन लिहिलं होतं. ते सगळं काढलं. आता तिथे फक्त काय आधी उचललं याची यादी आहे आणि त्या यादीवरून सासूशी झालेला वाद.

तालमी थांबल्या त्या दिवसांत नाटकाचं काम थांबलं असं मी मानत नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

गणपती. काही नाही. रेकॉर्डिंग ऐकत राहा एवढाच निरोप पाठवला.

१४ सप्टेंबर, रविवार

पहिल्यांदाच सगळे सात जण, पहिला अंक सलग.

एकेकटे तुकडे चांगले झालेत. आक्का-धाकट्याचा भांडणाचा प्रसंग तर इतका बारीक विणला गेलाय की गर्दीच्या तालमीत तो असा बसलाच नसता. दोघांनाच पाऊण तास मिळाला की कुणाला दाखवायचं नसतं, मग माणूस करून बघायला धजावतो. पण तुकडे एकमेकांना जोडले जात नाहीत. प्रत्येक तुकडा शून्यातून सुरू होतो. धाकटा चिडून आत जातो आणि पुढच्या तुकड्यात थंड डोक्याने बाहेर येतो, कारण ते दोन तुकडे त्याने वेगवेगळ्या आठवड्यांत केलेत. थोरला बाहेरून येतो पण तो उन्हातून आलाय, अडत्याकडून अपमान होऊन आलाय, हे त्याच्या चालण्यात नाही.

गुरुजी म्हणाले होते ते भिनणं म्हणजे हे. याला अखंड वेळच लागतो, दुसरा इलाज नाही.

दोन बदल केले. एक: प्रत्येक तुकड्याच्या तालमीत आधीच्या तुकड्याची शेवटची काही वाक्यं जोडून सुरुवात करायची, त्यातला माणूस हजर नसला तर प्रॉम्प्टरने बोलायची. आणि ऑक्टोबरपासून एकाआड एक रविवार संपूर्ण दिवस, सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. ही तारीख आत्ताच सगळ्यांच्या घरी जाऊन मी स्वतः सांगणार आहे. नटांनी घरी सांगायचं नाही. नटाने सांगितलं की ती मागणी होते आणि त्यावर घरात कुरबुर होते; दिग्दर्शक दारात येऊन, पाणी पिऊन, तारखांचा कागद देऊन जातो तेव्हा घरातल्यांनाही आपण या कामात धरले गेलोय असं वाटतं. आणि ते धरलेले असतातच.

२७ सप्टेंबर, शनिवार

चौथा शनिवार. परवापासून बँकेत सहामाही अखेर, त्यामुळे पुढचे तीन-चार दिवस मला कुणी शोधू नये.

दुसऱ्या अंकाचा गाभा आज हाताला लागला. पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत. आत प्राणवायू नसतो. तोंड उघडून काही तास हवा खेळू द्यायची, मग दोरीला बांधून कंदील सोडायचा. कंदील विझला तर अजून थांबायचं. तेवत राहिला तर माणूस उतरतो. माझ्या पहिल्या खर्ड्यात हे सगळं अर्ध्या पानात उरकलं होतं, ब्लॅकआउट घेऊन. आज लक्षात आलं की नाटक त्या थांबण्यात आहे. आक्का, दोन मुलगे आणि हमाल, उघड्या पेवाच्या कडेला बसलेले, करण्यासारखं काही नाही, उठून जाताही येत नाही. आयुष्यभर कामाच्या धबडग्यात या चौघांना एकमेकांशी बोलायला सवड झाली नाही. आता जमिनीनेच त्यांना बसवून ठेवलंय.

हा प्रसंग एका बैठकीत लिहिला, साडेदहाला संपला. उरलेला अर्धा तास काही केलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

पूर्ण दिवसाची तालीम. दुपारच्या जेवणाला सूनबाईंच्या सासूबाई डबे घेऊन आल्या आणि दुसरा अंक बघायला थांबल्या. कंदिलाच्या प्रसंगानंतर मामांना म्हणाल्या, “दोरी अशी सोडत न्हाईत. हाताला पीळ देत सोडायची, न्हाईतर कंदील गरगरतो.” त्यांच्या माहेरी पेव होतं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढचा तासभर त्यांनी मामांना दोरी शिकवली. कंदील खाली पोचल्यावर वर कसं वाकून बघायचं, नाक-तोंड कसं बाजूला ठेवायचं, तेही.

नाट्यगृहात उघडी ज्योत ठेवायची नाही, त्यामुळे कंदिलात बॅटरीवरचा छोटा दिवा बसवतोय. तो मंद होत जायला हवा, फटकन विझता कामा नये. थोरल्याच्या फाउंड्रीतला एक इलेक्ट्रिशियन मित्र फिरतं बटण जोडून देणार आहे, लेव्हलखाली, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्याखाली, नात बसून ते फिरवेल.

वेळ लावला: पहिला अंक अजून लांब आहे. अडत्याची दोन स्वगतं कापली. त्याने स्वतःच सुचवलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत पाडव्यापर्यंत सुट्टी दिली होती, भाऊबीजेनंतर परत सुरू. सगळ्यांचे चेहरे ताजे. पूर्ण सुट्टी दिली ते बरं केलं. कापलेल्या पहिल्या अंकाची गती आता योग्य वाटते. धाकटा आत जातो तो राग बाहेर येताना बरोबर घेऊन येतो.

५ नोव्हेंबर, बुधवार

रंगभूमी दिन. बँकेतून सुटल्यावर भावे नाट्यमंदिरात गौरव पदकाच्या सोहळ्याला गेले, तिथून थेट तालमीला.

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच गावात ‘सीता स्वयंवर’ केलं, हे आपण दरवर्षी याच दिवशी म्हणतो. यंदा मला त्यातली दुसरी बाजू जास्त दिसली. भावे राजांच्या पदरी होते. चिंतामणराव पटवर्धनांनी सांगितलं, खर्च दिला, माणसं दिली, आणि मुख्य म्हणजे वेळ दिला. संच बसेपर्यंत त्यातल्या माणसांच्या पोटाची सोय दरबाराने पाहिली. १८५१ साली महाराज वारले, तो आश्रय गेला आणि भाव्यांना संच घेऊन गावोगाव फिरावं लागलं. १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी नाटकाचा धंदा तिथून उभा राहिला, हे खरंच. पण पहिलं नाटक बसलं ते कुणीतरी वेळ देऊ केला म्हणून.

आपल्याला राजा नाही. आपल्या तक्त्यातला ‘कुणाचा वेळ’ हा रकाना मी आज वरपासून खालपर्यंत वाचला. सासूबाई. प्रयोगशाळेतल्या सहकारी बाई. मामांच्या मुक्कामी गाडीवर त्यांच्या जागी गेलेले दोन कंडक्टर. धाकट्याच्या शाळेतले शिपाईकाका, जे दहाला कुलूप लावायला थांबतात. आमचे हे. माझी लेक. ही सगळी नावं प्रयोगाच्या पत्रकावर छापायची, ‘ऋणनिर्देश’ अशा मोघम ओळीत न गुंडाळता, प्रत्येकाने काय केलं त्यासकट. जागा कमी पडली तर माझा परिचय काढा.

९ नोव्हेंबर, रविवार

रंगीत तालीम, नेपथ्याशिवाय पण पूर्ण प्रकाशासह. दोन लाइट क्यू चुकतात, दोन्ही पेव उघडण्याच्या आधीचे. लुगडी सूनबाईंनी स्वतः शिवून-दुरुस्त करून आणली. आक्काचा आवाज बसलाय, तिला बुधवारपर्यंत बोलायला बंदी.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रयोग उद्या. रजांचा हिशेब: थोरल्याची रजा मंजूर. आक्काची सुट्टी होती ती रुग्णालयात अचानक रद्द झाली होती. सहकारी बाईंनी परत ड्युटी घेतली, आक्का त्यांना डिसेंबरातल्या दोन रात्री देणं लागते. मामांची गाडी आज मुक्कामी होती, ती त्यांनी बदलून घेतली. अडत्याने २० तारखेचं निम्मं काम आधीच उरकलंय. धाकट्याची उद्या सकाळची शाळा आहे, तो साडेअकराला थेट नाट्यमंदिरात येईल. म्हणून लेव्हल चढवायला त्याच्या जागी आमचे हे आणि इलेक्ट्रिशियन.

टेंपो सकाळी नऊला शाळेपाशी. आधी लेव्हल, मग पेवाचं झाकण, मग बाकीचं. कंदील आणि बटण नातीकडे, तिने ते टेंपोत न ठेवता हातात घेऊन यावं. जादा बॅटऱ्या दोन. दोरी मामांकडे. दुपारी तीनला कंदिलाचा प्रसंग एकदा, फक्त हालचाली आणि प्रकाश. सासूबाईंची खुर्ची पहिल्या रांगेत मधोमध, त्यांना आणायला रिक्षा सांगितली आहे, सहा वाजता.